काकूंनी नुसतं बसायचं

११ फेब्रुवारी

मावशी,

मी बरी आहे, वेळेवर जेवते आणि घराची किल्ली हरवलेली नाही. तुझे तिन्ही प्रश्न संपले, आता माझं ऐक.

फोन का केला नाही म्हणून रुसू नकोस. फोनवर बोललेलं माझ्या डोक्यातून फोन खाली ठेवायच्या आत निघून जातं. पत्र मात्र टेबलावर पडून माझ्याकडे बघत राहतं. जे डोळ्यांसमोर नाही ते आमच्यासाठी जगातच नाही, असं मी माझ्याकडे येणाऱ्यांना रोज सांगते, आणि ते मलाही तितकंच लागू आहे. एडीएचडी असलेल्यांची, म्हणजे ज्यांचं लक्ष एका जागी टिकत नाही त्यांची, कोच झाले, म्हणून माझा एडीएचडी काही मला सोडून गेला नाही.

तर तुझ्याकडे काम आहे. माझ्याकडे मोठी माणसं येतात, शाळा-कॉलेजातली मुलंही येतात. हुशार असतात, बोलकी असतात. काय करायचं ते त्यांना तोंडपाठ असतं. फक्त सुरू करता येत नाही, आणि सुरू झालंच तर टोकाला नेता येत नाही. लोक आळशी म्हणतात. आळशी माणूस निवांत लोळतो गं, ही माणसं काम न करताच दमून जातात. त्यांच्यासाठी एक साधी रीत आहे. कुणीतरी शेजारी बसायचं. देखरेख करायची नाही, मदत करायची नाही, आपलं आपलं काम करत बसायचं. शेजारी माणूस असलं की त्यांचं मन जाग्यावर राहतं. असं का होतं ते मला नीट समजावता येणार नाही, पण होतं.

माझ्या दोघांना दुपारी असं माणूस हवंय. स्क्रीनवरून चालेल, मी टॅबलेट पाठवते. नावं सांगायची नाहीत हा माझा नियम आहे, बाकीचं त्यांना विचारूनच तुला सांगते. एक मुलगी आहे सतराची. तिनं स्वतःचं नाव भिंगरी ठेवलंय. ती अभ्यास करेल. दुसरा चाळिशी ओलांडलेला, बाइंडर. पुस्तकं बांधतो. त्याच्या गावच्या वाचनालयाची डागडुजी चाललीय, एप्रिलअखेर ते उघडणार, तोवर फाटलेली सगळी पुस्तकं बांधून द्यायचं काम त्यानं घेतलंय. याआधी दोन मोठी कामं त्याच्या हातून गेली. काम वाईट म्हणून नव्हे, काम सुरेखच असतं. मुदत जवळ आली की तो फोन उचलत नाही, गाळ्याला आतून कडी घालून बसतो, तोंड दाखवत नाही. हेही काम गेलं तर गाळा सोडून गोदामात खोकी उचलायला जावं लागेल. तिथे तो आठवडाभरही टिकणार नाही, हे त्यालाच ठाऊक आहे.

तुझ्यासाठी नियम सोपे आहेत. बोलायचं नाही. शिकवायचं नाही. ‘झालं का’, ‘किती राहिलं’ हे तर कधीच विचारायचं नाही.

आई सांगत होती, दुपारी तू खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसतेस आणि पान काही उलटत नाहीस. काका गेल्यापासून असंच आहे म्हणाली. तर बसतेच आहेस, आमच्यात बस.

तुझी,
खारूताई


१८ फेब्रुवारी

चि. खारूताई,

लहानपणी तू माझ्या घरी चिंचोके, बटणं, खडूचे तुकडे कुठेकुठे लपवायचीस आणि विसरायचीस, म्हणून तुझ्या काकांनी हे नाव ठेवलं. तेव्हा आम्हाला त्यात हसण्यापलीकडे काही दिसलं नाही. असो.

जन्मभर मी ‘नुसती काय बसलीस’ हे ऐकत आले. नुसतं बसायचंच काम कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. जमेल म्हणून सांगते. वाचणं मला नवं नाही. शाळा चौथीत सुटली, पण लग्नानंतर दुकान होतं. तुला आठवत असेल, खिळे, कड्या, कुलपं. खिळे पुड्यांत बांधून द्यायचे. रद्दीत पुस्तकांची सुटी पानं यायची. पुडी बांधण्याआधी मी पान वाचायची. निम्म्या गोष्टींचा शेवट मला अजून माहीत नाही, तो खिळ्यांबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी गेला. पुढे पुरी पुस्तकं हाती आली तेव्हा आधी शेवट वाचायची खोड लागली, ती जाता गेली नाही.

टॅबलेट आला. उभा राहीना, म्हणून साखरेच्या बरणीला टेकवला. काल पहिल्यांदा बसले. एका चौकोनात त्या मुलीचं कपाळ आणि छत. दुसऱ्यात नुसतं टेबल आणि दोन हात. तोंड नाही. हात मोठे, बोटांना खळ वाळलेली. सुईत दोरा ओवताना मात्र एकदम हलके होतात. आणि कोपऱ्यात मी, माझीच मला दिसते. केस विंचरून बसायला हवं होतं.

कुणी काही बोललं नाही. तासाभरानं मुलगी म्हणाली, “काकू, तुम्ही जिवंत आहात ना?” मी मान हलवली. बोलायचं नाही म्हणून बोलले नाही. ती म्हणाली, “बरं. मी भूमितीच करतेय.”

बरं वाटलं बघ. दुपार गेली.

मावशी


२७ फेब्रुवारी

मावशी,

तू जिवंत असल्याची बातमी मलाही पोचली. भिंगरीनं सबंध वहीभर गणितं पुरी केली. तिची आई मला विचारते, “त्या काकू कोण? ओरडतात का तिला?” मी म्हटलं, काही करत नाहीत, तेच तर काम.

बाइंडर म्हणतो, “काकू छान आहेत.” चांगलंय. मी विचारलं, पुस्तकं किती झाली? म्हणाला, “चाललंय.”

मावशी, ‘चाललंय’ हा आमच्या लोकांचा सगळ्यात वाईट शब्द. माझ्या कपाटात तीन वर्षं एक स्वेटर ‘चाललाय’, त्याला एकच बाही आहे. तू रोज त्याचे हात बघतेस. हात काय करतात ते मला लिही. तक्रार म्हणून नको, नुसतं दिसेल ते.

घाईत आहे, गॅसवर काहीतरी आहे. काय आहे ते आठवत नाही.

खारूताई


४ मार्च

चि. खारूताई,

सगळं छान चाललंय. काळजीचं कारण नाही.

मुलगी बसता बसता पेन्सिलींना टोक काढते, बारीक होऊन संपेपर्यंत. पण अभ्यासही करते. तिचं आता कपाळाबरोबर नाकही दिसतं.

बाइंडरच्या कामाची मला थोडीथोडी माहिती व्हायला लागलीय. पुस्तक आधी उसवतात. घडी घातलेल्या पानांचे छोटे छोटे गठ्ठे निघतात, एकेका गठ्ठ्याला जुज म्हणतात. फाटलेलं चिकटवायचं, मग जुजाला जुज जोडत शिवत जायचं, पाठीला खळ लावायची आणि शिकंज्यात दाबून ठेवायचं. सध्या त्याच्याकडे एक दीपगृहाच्या रखवालदाराचं पुस्तक आहे. फार चांगलं आहे. रखवालदाराची बायको त्याला सोडून किनाऱ्यावर राहायला जाते, आणि रोज रात्री दिवा लागलेला बघून तो ठीक आहे एवढं तिला समजतं. एक रात्र धुक्याची येते, तिथे आम्ही आहोत. म्हणजे तो आहे.

हवा चांगली आहे. गुडघा बरा आहे. तुझा गॅस बंद केलास ना?

मावशी


१० मार्च

मावशी,

सुईदोऱ्याच्या आवाजावरून रखवालदाराची बायको कुठे राहायला गेली ते कळत नाही.

“तिथे आम्ही आहोत” लिहिलंयस. मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते. मग भिंगरीला विचारलं. ती म्हणाली, “ताई, मी चुगली करत नाही. पण त्या खोलीत अभ्यास करणारी मी एकटीच आहे. ते दोघं गप्पा मारतात. आणि गोष्ट चांगली असते, म्हणून मीपण ऐकते, म्हणून मीपण अभ्यास करत नाही. आता सगळं सांगितलं, मला ओरडायचं तर ओरडा.”

मी कुणालाच ओरडत नाही. पण खरं काय ते मला हवंय. बाइंडरनं अजून बांधलेल्या पुस्तकांची पहिली पेटीसुद्धा भरलेली नाही. वाचनालयाचं उघडणं पुढे जाणार नाही.

खारूताई


१५ मार्च

चि. खारूताई,

खरं लिहिते.

त्या माणसाची अडचण अशी आहे की पुस्तक उसवलं की तो ते वाचायला लागतो. फाटलेलं पान चिकटवायला घेतो आणि त्यावरचा परिच्छेद वाचतो, मग मागे काय झालं ते बघायला मागचं पान काढतो. हात थांबतात. पहिले काही दिवस मी बघत राहिले, बोलले नाही. मग एके दुपारी त्यानं मान खाली वाकवली, पहिल्यांदा त्याचं तोंड दिसलं, आणि मला म्हणाला, “काकू, तुमचं पुस्तक कुठवर आलं?”

तुझे काका पुस्तक वाचत नसत. पण रात्री जेवताना मला हेच विचारायचे, कुठवर आलं? मी सांगायची. त्यांना सगळ्या गोष्टी माहीत होत्या, एकही न वाचता. एखाद्या गोष्टीत कुणी मूर्खपणा केला तर ते ताटावर रागवायचे. ते गेल्यावर मला हे कुणी विचारलं नव्हतं. लोक जेवलीस का विचारतात, गोळ्या घेतेस का विचारतात. ते चांगल्या मनानंच विचारतात.

तर मी सांगितलं कुठवर आलं. मग मी त्याला विचारलं. मग रोजचंच झालं.

मुलीनं उपाय काढला होता. म्हणाली, “बाइंडरकाका, पुस्तक उलटं धरून शिवा, वाचताच येणार नाही.” त्यानं तसं केलं. त्याच आठवड्यात त्याला उलटं वाचता यायला लागलं. आम्हाला वाचूनही दाखवलं, अडखळलासुद्धा नाही. मुलगी म्हणाली, “याला काय अर्थ आहे!”

माझ्यामुळे त्याचं काम जाईल असं वाटतं. तू दुसरं कुणी बघ, गप्प बसणारं. टॅबलेट पुसून ठेवलाय.

मावशी


२० मार्च

मावशी,

टॅबलेट परत बरणीला टेकव.

तू नियम मोडलास हे खरं. पण दुसरंही एक खरं आहे, ते मी परवा त्याच्याशी बोलताना ऐकलं. हा माणूस आजवर कुठल्याही ठरल्या वेळी रोज हजर राहिलेला नाही. तुझ्यासमोर तो एकही दिवस चुकलेला नाही. तो येतो कशासाठी? त्या गप्पांसाठी. गप्पा पार काढून टाकल्या तर येणंही जाईल. म्हणजे गप्पांना कुंपण घालायला हवं.

आणखी एक. ‘सगळं काम संपव, मग वाच’ असं आम्हाला सांगून उपयोग नसतो. संपल्यावर मिळणारी गोष्ट आमच्यासाठी इतकी लांब असते की ती नसल्यासारखीच. जे मिळायचं ते हाताशी हवं, थोडं हवं, आणि लगेच हवं.

म्हणून आम्ही दोघांनी ठरवलंय. एक जुज शिवून झाला की त्या जुजातलं एकच वाक्य त्यानं मोठ्यानं वाचायचं. डोळा पडेल ते, निवडायचं नाही. मग लगेच पुढचा जुज. पुस्तक शिकंज्यात गेलं की तू आणि भिंगरीनं त्या वाक्यांवरून ओळखायचं, ते पुस्तक कशाचं आहे. तो बरोबर की चूक सांगेल. बस्स. तेवढंच बोलणं. तुला खिळ्यांच्या पुड्यांची सवय आहेच.

आणि हे वाच, परत वाच, फ्रिजवर लाव: किती राहिलं हे विचारायचं नाही. त्याला राहिलेलं दिसलं की तो पळतो.

खारूताई

ता. क. स्वेटरला दुसरी बाही लागली. गळा राहिलाय. चाललाय.


३ एप्रिल

चि. खारूताई,

काय सांगू तुला! दुसरी पेटी भरली, तिसरी अर्ध्यावर आहे.

आता असं होतं. शिवण चालू असते, कुणी बोलत नाही. दोरा ओढल्याचा आवाज तेवढा येतो. मग गाठ बसते, तो खाकरतो, आणि एक वाक्य पडतं. परवाच्या पुस्तकातली वाक्यं मी मनात धरून ठेवली. पहिलं होतं, “त्या वर्षी थंडी लांबली, म्हणून त्यांना हलवायचं नाही असं ठरलं.” मग एक आलं, “ती चिडलेली असेल तर संध्याकाळी जवळ जाऊ नये.” शेवटी शेवटी आलं, “राणी गेली की घर थोडा वेळ शांत असतं, मग आतला आवाज बदलतो.”

भिंगरी म्हणाली, “राजवाड्यात खून.” तिला प्रत्येक पुस्तकात खून दिसतो. दीपगृहातही तिनं एक केला होता. मी म्हटलं, कुणा राजाची दुसरी बायको असावी, तिचा सावत्र मुलगा लिहितोय. बाइंडर इतका हसला की शिकंजा हलला. पुस्तक मधमाश्या पाळण्याचं निघालं!

मुलगी म्हणाली, “काकू, आपण माश्यांसाठी रडणार होतो.”

असू दे मधमाश्यांचं. शेवटचं वाक्य मला रात्री परत आठवलं. तुझे काका गेले तेव्हा घर असंच होतं, आधी शांत आणि मग वेगळ्याच आवाजाचं. नळ, फ्रिज, जिन्यावरची पावलं, सगळं आधीही होतं, पण ऐकू येत नव्हतं. आता त्या आवाजाचीही सवय झाली. वाईट वाटत नाही असं नाही. पण दुपारी कामाला बसायचं असतं, त्यामुळे मी जेवण वेळेवर उरकते आणि केसही विंचरते.

मुलीचं सबंध तोंड आता दिसतं. गोड आहे.

मावशी


२५ एप्रिल

चि. खारूताई,

हे पत्र मिळाल्याबरोबर त्याच्याकडे कुणाला तरी पाठव. फोनवर तू सापडत नाहीस, म्हणून लिहितेय, आणि शेजारच्या बाईंनाही तुला निरोप द्यायला सांगितलंय.

परवा मी चुकले. उघडायचा दिवस जवळ आला, माझ्याच जिवाची घालमेल चाललेली. शेवटच्या पेटीतलं एक पुस्तक शिकंज्यात गेलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “किती राहिली रे?” फ्रिजवर कागद लावलेला होता, रोज वाचत होते, तरी गेलं. तो थांबला. मग उठला, मोजताना ऐकू आला. परत येऊन बसला. आकडा सांगितला नाही. वाक्यही वाचलं नाही. मुलगी माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती.

काल त्याचा चौकोन उघडा होता. टेबल दिसत होतं, खळीचं भांडं झाकलेलं, सुई दोऱ्याच्या रिळात खोचलेली. खुर्ची रिकामी. मी हाक मारली. एकदा नाही, पुष्कळदा. मग म्हटलं, आपलं काम बसायचं आहे, तर बसू. सबंध दुपार रिकाम्या खुर्चीसमोर बसले. मला रिकाम्या खुर्चीसमोर बसायची सवय आहे, पण ती ज्याची होती तो परत येणार नव्हता हे मला ठाऊक होतं. इथे मला काहीच ठाऊक नव्हतं. भिंगरीही उठून गेली नाही. अभ्यास केला नाही, पेन्सिलीलाही हात लावला नाही. शेवटी म्हणाली, “काकू, मी पण असं करते. परीक्षेच्या दिवशी बाथरूममध्ये बसते. पण मी येते बाहेर.”

आज तर चौकोनच नाही. अंधार.

त्यानं आतून कडी घातली असेल. एवढं सगळं होत आलं होतं, आणि मी एका प्रश्नानं त्याला पळवलं.

मावशी


२८ एप्रिल

मावशी,

आधी शेवट सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल: त्यानं कडी घातली नव्हती.

आता सुरुवातीपासून. तू विचारलंस आणि त्यानं मोजलं. आयुष्यात पहिल्यांदा, म्हणाला. नाहीतर तो राहिलेल्या कामाकडे बघतच नाही, ते मनातल्या मनात डोंगराएवढं होतं आणि मग तो लपतो. या वेळी मोजलं तर डोंगर नव्हता. एका टेबलावर मावतील इतकी पुस्तकं होती. पण मुदतीत होण्यासारखीही नव्हती. रात्रभर झोपला नाही. सकाळी मेव्हण्याची गाडी मागवली, पेट्या भरल्या आणि वाचनालयात गेला. घाईत स्क्रीन बंद करायचं विसरला (आमचा माणूस!), आणि पुढे बॅटरी संपून टॅबलेट बंद पडला. तू दुपारभर बसलीस ती त्याच्या विसरण्यासमोर.

वाचनालयाच्या बाई कडक आहेत असं तो पहिल्यापासून सांगायचा. चष्मा नाकावर, आवाज खर्जात. त्यांच्या टेबलासमोर उभा राहिला. पुढचं मी त्याच्याच शब्दांत देते, त्यानं मला फोनवर दोनदा सांगितलं.

“झाली का सगळी?”

“नाही.”

“मग आलात कशाला?”

“झाली नाहीत हे सांगायला.”

त्याला वाटलं, आता इथून पळावं. पण पेट्या आत आणून ठेवलेल्या होत्या आणि गाडी मेव्हणा घेऊन गेला होता, पळणार कसा? मग बाईंनी एक पुस्तक उचललं, मधोमध उघडून टेबलावर ठेवलं. पान मिटलं नाही. पाठ ओढून बघितली. दुसरं उचललं. मग म्हणाल्या, “तुमच्या आधी दोन बाइंडर झाले. दोघांनाही शोधायला मलाच जावं लागलं. एक तर मला बघून मागच्या दारानं गेला.” त्यांनी झालेली पुस्तकं ठेवून घेतली. राहिलेली सगळी मुलांच्या दालनाची, आणि त्या दालनाचा रंगच अजून ओला आहे, ते मेअखेर उघडेल. तोवर मुदत दिली. शिवाय संदर्भ विभागाचे जाड ग्रंथ पावसाळ्यानंतर बांधायचे आहेत, तेव्हा या म्हणाल्या. गाळा राहिला, मावशी!

आता तुझं. विचारायचं नव्हतं, आणि विचारलंस. चांगलं झालं म्हणून मी नियम बदलणार नाही. दुसऱ्या कुणाला त्याच प्रश्नानं पार मोडून टाकलं असतं. पण त्यालाही तू मोडलंस असं नाही. तो म्हणाला, “काकूंनी विचारलं ते रागानं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मग मलाही वाटलं, बघावं तरी.” कागद फ्रिजवर तसाच राहू दे.

सगळ्यात मजा पुढे आहे. बाईंनी निघताना त्याला विचारलं, या वेळी कसं काय जमलं? हा बोलका! सगळं सांगितलं. एक काकू बसतात म्हणाला. “काय करतात?” “काही नाही, बसतात.” बाई उठल्या, दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, “कुणाहीबरोबर बसतात का?”

त्यांच्या खोलीत लोकांनी दिलेल्या पुस्तकांचे गठ्ठे पडलेत. त्यांनी कारभार हातात घेतला तेव्हाचे. दोरी बांधलेले. बाकी सगळं वाचनालय आरशासारखं ठेवतात, पण त्या गठ्ठ्यांना हात लावायचा म्हटलं की काहीतरी दुसरं काम आठवतं. डागडुजीत सुद्धा त्यांनी ते गठ्ठे झाकून ठेवून घेतले. त्यांना एडीएचडी आहे की नाही मला माहीत नाही, प्रत्येकाला तो असतोच असं नाही. पण बसायला कुणी हवं हे तर कुणालाही वाटू शकतं. मी हो म्हणून टाकलं. तुला न विचारता. रागावलीस?

खारूताई


९ मे

चि. खारूताई,

तुझं पत्र मी जिन्यातच उभ्यानं वाचलं. शेवट आधी सांगितलास ते बरं केलंस. तरी मग वर येऊन सुरुवातीपासून परत वाचलं.

रागावले नाही. मला काय, मी बसलेलीच आहे.

बाइंडर परत आला तेव्हा भिंगरी त्याला म्हणाली, “जाताना सांगून जायला काय होतं? काकूंनी खुर्चीला हाका मारल्या.” तो म्हणाला, “चुकलो.” मीही म्हटलं, चुकले. मुलगी म्हणाली, “झालं का दोघांचं? मला उद्या पेपर आहे.” मग सगळे कामाला लागलो. पेपरला ती बाथरूममध्ये बसली, पण लवकर बाहेर आली म्हणे.

मुलांच्या पुस्तकांची शिवण पटापट होते, जुज कमी असतात. वाक्यंही लहान. “मग हत्ती म्हणाला, मी नाही जात.” भिंगरीनं यात खून काढला नाही, याची नोंद घे.

काल वाचनालयाच्या बाई आल्या. त्यांचा चौकोन अगदी सरळ, त्या मधोमध, मागे कपाटं. मी आपली साडीचा पदर सारखा केला. बाई म्हणाल्या, “नमस्कार. मला काय करायचं असतं?” मी मान हलवून गठ्ठ्याकडे बघितलं. त्यांनी एक गठ्ठा टेबलावर आणून ठेवला होता. बाईंनी आधी टेबल पुसलं. मग पेनं एका रेषेत लावली. मग खिडकी उघडली, मग बंद केली. मग कुणालातरी फोन लावला आणि न बोलता ठेवला. बाइंडर मान खाली घालून शिवत होता, पण त्याचे खांदे हलत होते. मी ओठ आवळून पुस्तकात बघत होते. मुलीकडे तर मी बघायचं धाडसच केलं नाही.

बाई म्हणाल्या, “आज जरा दुसरं काम निघालंय, मी उद्या बसते.”

कुणी काही बोललं नाही. हो नाही, नको नाही. तू शिकवलंस तसं. बाइंडरनं दोरा ओढला. मुलीनं पान उलटलं. मीही माझं पान उलटलं, खरंच वाचून झालं होतं म्हणून. बाई उठल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. आमच्याकडे बघत असाव्यात, मी वर पाहिलं नाही.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि गाठ फार जुनी असावी, कारण बाईंना ती दातानं सोडावी लागली.

मावशी